चार हणमंताची, पाचवं चांगुणाचं

पौर्णिमेला विहारात वंदना कोण सांगणार, हा प्रश्न सोलापुरातल्या त्या वस्तीत कुणाला कधी पडलाच नाही. हणमंत सांगणार. आवाजच तसा होता त्याचा. माईक बंद पडला तरी मागच्या गल्लीत भाकरी थापत बसलेल्या बाईला ऐकू जाईल एवढा मोठा, आणि तरी कानाला गोड. तो एकेक ओळ सांगायचा, मागून सगळे म्हणायचे. त्रिशरण झालं की पंचशील. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही. ही चार शीलं तो खणखणीत सांगायचा आणि चौथ्यानंतर गप्प व्हायचा. डोळे मिटलेले, हात जोडलेले, तोंड बंद.

मग बायकांच्या बाजूनं, दुसऱ्या रांगेतून, एक बारीक पण न डगमगणारा आवाज यायचा, "सुरामेरय..." दारूपासून लांब राहण्याचं पाचवं शील त्याची बायको चांगुणा सांगायची. तिच्यामागून सगळे म्हणायचे, साधु साधु साधु व्हायचं आणि खीर वाटायला सुरुवात व्हायची.

कारण अगदी सरळ होतं. हणमंत प्यायचा.

वडील गेल्यावर पहिल्यांदा तो वंदना सांगायला उभा राहिला, तेव्हापासूनचं हे. म्हातारा कडक होता. जे पाळायचं नाही ते तोंडानं म्हणायचं नाही, हे त्यानं पोराच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. पोरानं त्यातलं नेमकं सोयीचं तेवढं उचललं. पाळायचं नाही, म्हणून म्हणायचं नाही, एवढंच. त्या दिवशी तो चौथ्यावर थांबला तेव्हा सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. चांगुणा तेव्हा नवी होती, मोहोळकडच्या खेड्यातून आलेली, मांडीवर तान्ही संघप्रिया. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज झाकायला तिनंच पाचवं शील म्हणून टाकलं. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा तेच. मग लोकांना सवय झाली आणि सवयीचं काही वाटेनासं झालं. एकदा मोहोळहून आलेल्या पाहुण्यानं विचारलं, "पाचवं बाईनं सांगायचं, ही तुमच्याकडची पद्धत का?" विहाराचं सगळं बघणारा बुद्धभूषण शिकलेला मुलगा, पण तोही बेधडक म्हणाला, "हो, पहिल्यापासून."

हणमंताला कुणी छेडलं तर उत्तर तयार असायचं.

"मी पाचवं म्हनलं की माजं चौथं मोडतंय बग. पिनारा मानूस हाय मी, पन खोटं बोलनारा न्हाय."

लोक हसायचे. काही जणांना तर हे फार प्रामाणिक वाटायचं. दारुड्याचं बोलणं गोड असलं की लोक त्याला अर्धं माफ करून टाकतात, आणि उरलेलं अर्धं बायकोनं निस्तरायचं असतं. तसं पौर्णिमेला संध्याकाळपर्यंत तो थेंबाला शिवायचा नाही, हे खरं. पण खीर खाऊन झाली की त्याचे पाय आपोआप गुत्त्याकडे वळायचे.

चांगुणा टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायला जायची. हणमंत रंगारी. हात चांगला होता त्याचा. दोन रंगांच्या मधली रेघ दोरी न लावता सरळ ओढायचा. पुढेपुढे सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय ती रेघ सरळ येईना, आणि दोन घोट गेले की तो कामावर जाईना. मग मुकादमाचा फोन यायचा आणि चांगुणा उचलायची.

"ताप आलाय वो त्यास्नी. रातच्यापास्नं अंग नुसतं भाजतंय."

कधी ताप, कधी पाठ धरली, कधी पाय मुरगळला. हणमंताला तिनं इतक्यांदा कावीळ लावली की मुकादम एकदा झाडपाल्याची पुडी घेऊन घरी आला. ती पुडी तिनं 'देते की' म्हणून ठेवून घेतली आणि तो गेल्यावर मोरीत ओतली. त्याच्या कपाळाला खोक पडली की शेजारणीला सांगायचं, शिडीवरनं पडले. भावाचा फोन आला की सांगायचं, कामावर गेलेत. खोटं बोलताना आधी तिचा जीव खालीवर व्हायचा, मग तेही थांबलं. मिठाच्या अंदाजासारखं तिच्या हाताला बसलं ते.

असं करत संघप्रिया मोठी झाली. सरकारी नर्सिंगला तिचा नंबर लागला. तिच्या कॉलेजात मुलींच्या शपथेचा कार्यक्रम होता. हातात दिवा घेऊन पोरी शपथ घेतात, आईबापांना बोलावतात. चांगुणानं ठेवणीतली साडी काढून ठेवली होती. हणमंतानं आदल्या दिवशी स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करून आणला होता. आणि त्या सकाळी तो तोच शर्ट घालून ओट्यावर आडवा पडला होता, उठवून उठेना.

संघप्रियाचा फोन वाजला. ती पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये दाराशी उभी होती, बापाकडे पाठ करून.

"मॅडम, पप्पांना ताप आलाय," ती म्हणाली. मग बारीकसा उसासा टाकून, "रात्रीपासून अंग नुसतं भाजतंय हो. मम्मीला पण सोडून येता येत नाहीये."

आतून चांगुणानं ते ऐकलं. शब्द तिचेच होते. तो उसासासुद्धा तिचाच होता, तेवढाच आणि त्याच जागी. पोरीनं आईचं नाक घेतलं होतं, चाल घेतली होती, हेही घेतलं होतं. चांगुणानं काढून ठेवलेली साडी परत ट्रंकेत टाकली. नवरा प्यायला म्हणून ती कितीदा रडली असेल, पण त्या सकाळी तिला जे झालं ते वेगळंच होतं. तिला स्वतःची शिसारी आली.

त्याच आठवड्यात माघ पौर्णिमा आली. विहारात मेणबत्त्या लागल्या, पांढऱ्या साड्यांची रांग बसली. हणमंत पुढं उभा राहिला आणि नेहमीच्या आवाजात सांगू लागला. पहिलं, दुसरं, तिसरं चांगुणानं सगळ्यांबरोबर म्हटलं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि ती थांबली. ओठ हलेनात. इतकी वर्षं ती ही ओळ दर महिन्याला म्हणत होती आणि रोज उठून मोडत होती. नवरा निदान पाचव्याला गप्प तरी राहायचा. ती तर बिनदिक्कत म्हणायची.

चौथं संपलं. हणमंत डोळे मिटून गप्प झाला. सगळे चांगुणाच्या आवाजाची वाट बघायला लागले.

आवाज आला नाही. वरचा पंखा खडखडत होता तेवढाच. शेजारी बसलेल्या केराबाईनं तिला कोपरानं ढोसलं. केराबाई म्हणजे वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, तिचं कोपर सगळ्या वस्तीला माहीत.

"म्हन की गं," ती पुटपुटली.

पोरं खुसखुसायला लागली. हणमंतानं एक डोळा उघडला, मग दुसरा. पाचव्या शीलाच्या वेळी त्यानं डोळे उघडलेले कुणी कधी पाहिले नव्हते. चांगुणा सरळ त्याच्याकडे बघत होती.

"माजं चौथंच मोडलंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तुमच्यापायी रोज मोडतंय. मी पाचवं कुटल्या तोंडानं सांगू? आता ज्याचं त्यानं म्हनावं."

हणमंताचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो वळला आणि चालायला लागला. दारात एक पाय स्वतःच्या चपलेत, दुसरा दुसऱ्याच कुणाच्या चपलेत घालून गेला, आणि त्याला ते कळलंही नाही. बुद्धभूषणनं घाईघाईनं पुढं येऊन उरलेलं शील उरकलं. खीर वाटली, पण कुणाला गोड लागली नाही.

चांगुणाला वाटलं होतं, बोलून मोकळं वाटेल. कसलं मोकळं? हणमंत चार दिवस शुद्धीवर आला नाही. बायका नळावर बोलायच्या थांबल्या. केराबाईनं तर दारात येऊन झापलं, "नवऱ्याची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडत्यात व्हय?" मुकादमाचा फोन आला तेव्हा चांगुणाच्या जिभेवर ताप आपोआप आला होता. तिनं तो गिळला.

"प्यालेत. पडलेत घरात. ताप न्हाय, काय न्हाय."

"मग ती कावीळ?" मुकादमानं पलीकडून विचारलं.

"ती बी दारूच हुती."

काम गेलं. हणमंत शुद्धीवर आल्यावर तिच्या अंगावर धावून आला. "माजी अब्रू घालवलीस तू!"

"तुमची अब्रू मी एकटीनं कुटवर डोक्यावर घिऊन हिंडू?" ती म्हणाली. ती घाबरली होती. पण जागची हलली नाही. "मला न्हाय झेपत आता. तुमची तुमी सांभाळा."

पुरुषाला राग आला की तो काहीतरी मोठं बोलतो. हणमंत म्हणाला, "सोडली! आजपास्नं थेंब न्हाय. बगच." आणि खरंच त्यानं घेतली नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो भिंतीवरच्या मुंग्या झटकत बसला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. संघप्रिया कॉलेजातून आली, तिनं बापाच्या कपाळाला हात लावला आणि तिचं तोंड उतरलं.

"मम्मी, रिक्षा आण. हे असं घरी बसून सोडवायचं नसतं. पप्पांचा जीव जाईल."

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "किती पितात? रोज?"

"कधीमधी," हे चांगुणाच्या ओठांवर आलं होतं. इतक्या वर्षांची सवय अशी एका पौर्णिमेत सुटत नाही. तिनं डोळे घट्ट मिटले आणि सगळं सांगितलं. सकाळी उठल्यापासून पितात, कुठली पितात, काल परवापासून एकदम बंद केली. डॉक्टर लिहून घेत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं खरं सांगितलंत. त्यावर औषध किती द्यायचं ते ठरतं." चांगुणा भिंतीला टेकून उभी राहिली. खरं बोलून नवऱ्याचं काही बरं होऊ शकतं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

दवाखान्यातून हणमंत व्यसनमुक्ती केंद्रात गेला. तिथून परत आला तेव्हा शर्ट खांद्यावरून घसरत होता आणि चेहरा मात्र धुतल्यासारखा दिसत होता. पहिले काही दिवस तो घरात पाहुण्यासारखा वागला. चहा मागायलाही लाजायचा. मग एका सकाळी डबा, ब्रश घेऊन मुकादमाकडे गेला. मुकादमानं त्याला आधी जिन्याखालची अंधारी भिंत दिली, कुणाला दिसणार नाही अशी. हणमंतानं तीच भिंत अशी रंगवली की मुकादम बॅटरी लावून बघत बसला.

सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच वेळापूरचं लग्न आलं. जुन्या मित्राच्या पोराचं. "जाऊ का?" हणमंतानं विचारलं होतं. चांगुणा म्हणाली, "मी कोन सांगनार? तुमचं तुमाला ठावं." तो गेला. त्याच दिवशी रात्री परत यायचा होता, आला नाही. दुसऱ्या दिवशी चांगुणा कारखान्यात गेली खरी, पण दिवसभर तिची शिलाई वाकडी जात राहिली. शेजारची मशीनवाली म्हणाली, "काय गं, ताप आलाय का?" चांगुणाला हसू आलं आणि रडूही.

तिसऱ्या दिवशी सकाळी हणमंत दारात उभा राहिला. कपडे चुरगळलेले, डोळे लाल. चांगुणानं काही विचारलं नाही. काय विचारणार? आता तो म्हणेल, एसटी चुकली, पाव्हण्यांनी सोडलं न्हाय. ती तयार होती.

"चांगू, प्यालो," तो म्हणाला.

तिनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"मुकादमाला स्टँडवरनंच फोन केला. काल प्यालो म्हनून आलो न्हाय, आसं सांगितलं. आज केंद्रात जाऊन त्यास्नी बी सांगतो." बोलता बोलता तो उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

चांगुणाला इतका संताप आला होता की समोरचा तांब्या फेकून मारावा. आणि त्याच वेळी तिच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. नवऱ्याचं प्यायलेपण नवऱ्यानं सांगितलं होतं. तिला त्यात एक शब्द बोलावा लागला नव्हता. "उटा," ती म्हणाली, "तोंड धुवा. मी पन येते केंद्रात." तांब्या तिनं फेकला नाही, त्यात पाणी भरून दिलं.

त्यानंतर हणमंत प्यायला नाही. पण विहारात तो शेवटच्या रांगेत, चपलांच्या ढिगाजवळ बसायचा. वंदना बुद्धभूषण सांगायचा, मोबाइलमध्ये बघून, आणि मध्येच कुणाचा फोन आला की सगळं अडायचं. हणमंत चार शीलं मागून म्हणायचा. पाचव्याला अजूनही गप्प. चांगुणा आता चौथं मोठ्यानं म्हणायची. मोठ्यानं म्हणजे किती, तर पुढची बाई वळून बघेल इतकं. पण पाचव्याला तिचे कान मागे लागलेले असायचे, आणि मागून काही ऐकू यायचं नाही. दारू सुटली, हणमंत कमावता झाला, पोरगी नर्स व्हायला आली. सगळं मिळालं होतं, तरी दर पौर्णिमेला तिचा घास तिथंच अडायचा. तो म्हणत नाही म्हणजे त्याचा स्वतःवर भरवसा नाही, आणि त्याचाच नाही तर तिनं कशावर ठेवायचा?

शेवटी त्याला विचारलं ते केराबाईनं. तोवर वर्ष उलटलं होतं; वैशाखाच्या उन्हात तिच्या घराला रंग द्यायला हणमंत गेला होता.

"काय रे, आता तर पीत न्हाईस. मग पाचव्याला मूग गिळून का बसतोस?"

"आज न्हाय पीत, मावशी. उद्याचं कुनी बगितलंय? आज म्हनलं आन् उद्या प्यालो, तर लबाड ठरीन की."

"आरं येड्या," केराबाई म्हणाली, "एकदा म्हनून कायमचं भागत आसतं तर दर पुनवेला कशाला बसवलं आसतं आमास्नी? सकाळी जेवलास म्हनून रातचं जेवत न्हाईस व्हय? आजचं आज म्हन. उद्याचं उद्या म्हन. आन् ती खिडकी नीट रंगव, थेंब सांडलेत."

हणमंत शिडीवर तसाच थांबला. केंद्रातही त्याला हेच सांगितलं होतं, फक्त आजचा दिवस. तिथं ते डोक्यात शिरलं होतं, इथं ते पोटात उतरलं. घरी येऊन त्यानं चांगुणाला काही सांगितलं नाही. नुसता पांढरा शर्ट धुवायला टाकला.

वैशाख पौर्णिमेला विहारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ऊन असं की भिंती तापल्या होत्या, पंख्याची हवा गरम. बुद्धभूषण मोबाइल हातात घेऊन पुढं झाला, तेवढ्यात मागच्या रांगेतून हणमंत उठला. चपलांच्या ढिगावरून, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत पुढं आला. बुद्धभूषणनं मोबाइल खिशात घातला आणि एक शब्द न बोलता बाजूला झाला. संघप्रिया आईच्या शेजारी बसली होती. तिनं आईचा हात घट्ट धरला.

"हात जोडायचे हायत मला, सोड," चांगुणा म्हणाली, पण तिनंच पोरीचा हात सोडला नाही.

हणमंतानं सुरुवात केली. आवाज पहिल्या ओळीला जरा कापला, मग स्थिरावला. इतक्या महिन्यांनी तो आवाज विहारात भरला तेव्हा बाहेर उभी असलेली माणसंही आत वाकून बघायला लागली. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं झालं. चौथं चांगुणानं असं म्हटलं की केराबाईनं कानावर हात ठेवला. मग शांतता झाली. हणमंताचे डोळे मिटलेले होते.

"सुरामेरय..."

दोन आवाज एकदम निघाले. एक पुढून, एक दुसऱ्या रांगेतून. हणमंतानं म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि चांगुणाच्या जिभेनं जुन्या सवयीनं तिला न विचारता सुरुवात केली होती. दोघंही दचकून थांबले. कुणामागून म्हणायचं ते लोकांना कळेना. हणमंतानं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. चांगुणानं पदर तोंडावर धरला.

"आगं, आता त्याला म्हनू दे की!" केराबाई ओरडली, आणि सगळा विहार खदाखदा हसला. हणमंतही हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, ते त्यानं बाहीनं पुसले, हात पुन्हा जोडले, आणि पाचवं शील पहिल्या शब्दापासून, एकट्यानं, त्याच्या त्या मागच्या गल्लीपर्यंत जाणाऱ्या आवाजात सांगितलं.

लोक मागून म्हणाले. चांगुणाही म्हणाली, सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढ्याच आवाजात. इतकी वर्षं तिनं ते सगळ्या वस्तीला सांगितलं होतं. खुद्द नवरा पुढं उभा राहून तिला ते सांगतोय आणि तिनं नुसतं मागून म्हणायचंय, हे सुख तिला त्या दिवशी पहिल्यांदा मिळालं.